गाडीचा डावा डोळा

उदय कर्वेने ती गाडी घेतली तेव्हा ती व्यवस्थित चालत होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण सौदीतल्या रास तनुरातल्या मराठी मंडळींत पुढे असा समज पसरला की त्याने एक मोडकी गाडी घेतली आणि तीन वर्षं तिच्यावर मेहनत केली. झालं होतं नेमकं उलटं. सफवाजवळच्या एका खजुराच्या बागेतून ती तीसेक किलोमीटर स्वतःच्या चाकांवर आली, शेडमध्ये उभी राहिली, आणि मग उदयने ती दुरुस्त करायला घेतली. त्यानंतर ती कधी चालली नाही.

फेब्रुवारीत उदयच गेला. रिफायनरीच्या कँटीनमध्ये, हातात ताकाचा ग्लास, समोर शेजारचे बाळकृष्णकाका, आणि वाक्य अर्धवट. ते वाक्य गाडीबद्दल होतं असं काका सांगत. खोटं असायचं काही कारण नव्हतं.

नाशिकचं सगळं आटोपून त्याची बायको विद्या एप्रिलमध्ये परत आली ती घर आवरायला. ती तिथल्या भारतीय शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे आणि तिला याद्या करायची सवय होती. या वेळची यादी सत्तेचाळीस कामांची होती. बँक, शाळेचा राजीनामा, मुलीचा दाखला, फ्रीज, पडदे, तुळस कोणाला द्यायची, असं सगळं. मे महिन्याच्या अखेरीस शेहेचाळीस कामांवर बारीक बरोबरच्या खुणा झाल्या. सत्तेचाळिसावं काम होतं ‘गाडी’. त्यापुढे तिने कंसात ‘एक दिवस’ असं लिहिलं होतं. आयुष्यभर मोजमाप शिकवलेल्या बाईच्या हातून इतकी मोठी चूक क्वचितच झाली असेल.

पहिली कुणकुण शारीककडून लागली. शारीक कंपनीच्या कचेरीत परदेशी लोकांची सरकारी कागदपत्रं बघायचा. मूळचा रत्नागिरीचा, आणि वाईट बातमी सांगताना आधी चहा मागवायचा. त्या दिवशी त्याने चहाबरोबर बिस्किटंही मागवली, तेव्हाच विद्याने ओळखायला हवं होतं.

“मॅडम, बाकी सगळं क्लिअर आहे,” तो म्हणाला. “फक्त सरांच्या नावावर एक गाडी दिसतेय.”

“कोरोला विकली आपण.”

“ती नाही. दुसरी. लाल.” त्याने पडद्याकडे पाहिलं. “नावावर गाडी असेपर्यंत तुमचं फायनल एक्झिट, कायमचा देश सोडायचा परवाना, निघत नाही. माणूस गेला तरी गाडी नावावर राहते, आणि आता ती वारस म्हणून तुमच्याकडे आली.”

“मग काढून टाका नावावरून. घ्यायला माणूस तयार आहे.”

शारीकने एक बिस्कीट तिच्या पुढे सरकवलं. नाव बदलायचं तर फहस, म्हणजे गाडीची तपासणी, पास झालेली हवी. तपासणी संपून दोन वर्षं झाली होती. ती परत करायची तर गाडी तपासणी केंद्राच्या दारातून स्वतः चालत आत जायला हवी. आणि ही गाडी त्या क्षणी सनाइयातल्या, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीतल्या, ताजुद्दीनच्या शेडमध्ये एक सांगाडा आणि अकरा खोकी अशा अवस्थेत होती.

“दुसरा एक मार्ग आहे,” शारीक हळूच म्हणाला. “भंगारात काढायची. नंबरप्लेटा जमा करायच्या, खलास. चार दिवसांचं काम.”

विद्याने चहा संपवला, कप बशीत बरोबर मध्यभागी ठेवला आणि म्हणाली, “नाही.”

“मॅडम, सोपं—”

“कागदावरून नाव काढायचंय, शारीक. गाडी मारायची नाहीये.”

हे वाक्य आपण का बोललो, हे तिला घरी पोचेपर्यंत समजलं नाही. पोचल्यावरही नाही.

आता या गाडीविषयी. तिचं नाव कॉर्व्हेट. रास तनुरात कोणीही उदयच्या घरी शुक्रवारी पोहे खायला आलं की पोह्यांबरोबर त्याला कॉर्व्हेटचा इतिहास खावा लागे. त्रेपन्न साली अमेरिकेत पहिल्या तीनशे गाड्या बनल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, जवळजवळ हातांनी बांधलेल्या. अंग पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं. दिसायला अशी की उभी असली तरी धावतेय असं वाटावं, आणि धावायला लागली की उभी आहे असं वाटावं. कारण आत इंजिन साध्या घरगुती गाडीचं आणि गिअर दोनच. लोक बघायला गर्दी करत, घ्यायला नाही. दोनतीन वर्षांत कंपनी तो कारखानाच गुंडाळायला निघाली होती.

“आणि मग,” इथे उदय चमचा खाली ठेवायचा, “परदेशातून आलेल्या एका इंजिनियरने ती गाडी प्रदर्शनात बघितली. कंपनीला पत्र लिहिलं, की या गाडीवर मला काम करू द्या. त्याने तिला वळणं घ्यायला शिकवलं. मोठं इंजिन आलं. गाडी वाचली. कोणी वाचवली? बाहेरून आलेल्या माणसाने. आपल्यासारख्या.”

“तू कोणाला पत्र लिहिलंस?” बाळकृष्णकाका विचारायचे. “तुझा रजेचा अर्जसुद्धा विद्या लिहून देते.”

उदयला या गाडीचं अप्रूप वेगाचं नव्हतंच. ती आधी फसली होती, याचं होतं. त्याची स्वतःची बहात्तर सालची होती, म्हणजे बरोबर त्याच्या वयाची. तेलकंपनीच्या वस्तीत राहणाऱ्या कोणा अमेरिकनाने ती आणली आणि जाताना मागे ठेवली. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्र्याच्या गाड्या पाच वर्षांत चाळणी होतात. हिचं अंग पन्नास वर्षांनीही गुळगुळीत होतं. पण अंगाखालची चौकट लोखंडाचीच, आणि ती आतून गंजत गेली होती. बाहेरून काही कळायचं नाही. “हिला दुखतं पण ही सांगत नाही,” उदय म्हणायचा. विद्याला तेव्हा हे वाक्य पोरकट वाटलं होतं. फेब्रुवारीनंतर तिने ते आठवायचं टाळलं.

ताजुद्दीन मूळचा श्रीवर्धनचा. एकतीस वर्षं सौदीत, दाढी पांढरी, आणि हात असे काळे की ते धुतले तर त्याला स्वतःलाच ओळखू येणार नाहीत. तो उदयला ‘उदयभाई’ म्हणायचा आणि विद्याला ‘वहिनी’. त्याने शेडचं शटर वर केलं तेव्हा विद्या अकरा खोकी बघत थोडा वेळ उभी राहिली. खोक्यांवर उदयच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. एकावर ‘गरजेचे’. दोनांवर ‘बहुतेक गरजेचे’. तीनांवर ‘हे कशाचे?’. एकावर नुसतं प्रश्नचिन्ह. उरलेल्या चारांवर ‘नंतर बघू’.

‘नंतर बघू’ हे उदयचं ब्रीदवाक्य होतं. बावीस वर्षांच्या संसारात विद्याने ते वाक्य गळक्या नळाबद्दल, विम्याच्या कागदांबद्दल, रक्ततपासणीबद्दल ऐकलं होतं. ते ऐकून तिच्या कपाळाची एक शीर उडायची. इथे ते चार खोक्यांवर जाड मार्करने लिहिलेलं होतं.

“वहिनी, सांगू का खरं?” ताजुद्दीन म्हणाला. “उदयभाई दर शुक्रवारी दुपारचे यायचे. एक भाग सोडवायचे, पुसायचे, बघायचे, चहा प्यायचे. परत लावायचं म्हटलं की म्हणायचे—”

“माहीत आहे काय म्हणायचे ते.”

दुसऱ्या दिवसापासून विद्याने शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखी व्यवस्था लावली. प्रत्येक भागाला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची वहीत नोंद, गाडीच्या जुन्या पुस्तकातल्या आकृतीशी पडताळणी. ताजुद्दीनच्या गॅरेजात असं काही कधी घडलं नव्हतं. शेजारच्या टायरवाल्याला वाटलं, छापा पडलाय.

ही बातमी वस्तीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला बाळकृष्णकाकांचा, आणि तो तीन वर्षं जुना होता. “मी उदयला तेव्हाच म्हटलं होतं, घेऊ नकोस.” हे ते रोज सांगत. जो आता काहीच घेऊ शकत नाही त्याला हे सांगून काय उपयोग, असं विद्याच्या मनात यायचं; पण काका ते सांगताना चष्मा काढून पुसत, म्हणून ती गप्प बसे. वस्तीतल्याच हेमलताकाकूंचं म्हणणं, गाडीला दृष्ट लागली आहे. कोणाची, याचाही त्यांना अंदाज होता, पण नाव घ्यायचं नाही म्हणाल्या. फक्त ते लोक जुबैलला राहतात एवढं सांगितलं. त्यांनी उदबत्तीचा एक मोठा पुडा आणून दिला. “रोज एक लाव गाडीपाशी. आवाज नको, गाजावाजा नको. नुसता वास.”

रेवा, विद्याची मुलगी, सतरा वर्षांची. तिचा सल्ला सर्वांत छोटा. “आई, स्क्रॅप इट.”

“नाही.”

“आई, सीरियसली. नाशिकच्या कॉलेजचं ऍडमिशन पंधरा जुलैला क्लोज होतंय. आपण एका कारसाठी अडकलोय.”

“होईल आठवड्यात.”

“बाबा पण हेच बोलायचे,” रेवा म्हणाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. आवाज असा की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि टायरवाला पुन्हा बाहेर आला. ताजुद्दीन हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि दोन्हीसाठी त्याच्याकडे एकच तेलकट फडकं होतं. सगळं जोडून झाल्यावर साडेतीन खोकी भाग उरले. विद्याने वही पुन्हा तपासली. वही बरोबर होती. तरी भाग उरले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ताजुद्दीन म्हणाला, “ऱ्हाऊ दे, वहिनी. माणसातलं पण काही काही उरतंच.”

तपासणीचा पहिला दिवस. गाडी दोन माणसांची. आसन इतकं खाली की विद्याला रस्त्याऐवजी पुढचं लाल नाक दिसत होतं. तिने खाली उशी घेतली. मागे गाडी ओढणारा ट्रक घेऊन ताजुद्दीन, न जाणो. थंड हवेची सोय बहात्तर सालीच बिघडली असावी. घामाने भिजलेली, डोक्याला ओढणी, मांडीवर कागदपत्रांची फाईल, अशी ही पन्नाशीची शिक्षिका हायवेवर निघाली, आणि शेजारून जाणारी प्रत्येक गाडी हळू होऊन तिचा फोटो काढू लागली. एका पोराने खिडकीतून अंगठा दाखवला. विद्याने त्याच्याकडे वर्गात कॉपी करणाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

केंद्राच्या रांगेत इंजिन तीनदा बंद पडलं. तपासनीस बाहेर आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, छातीवर हात ठेवून ‘माशाल्ला’ म्हणाला, गाडीबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला आणि नापास केलं. ब्रेक, धूर, हॉर्न, आणि दिवे. या गाडीचे पुढचे दिवे झाकलेले असतात. कळ दाबली की पापण्या उघडून वर येतात. उजवा आला. डावा आला नाही. गाडी सगळ्या रांगेसमोर एक डोळा मिटून उभी राहिली.

“डोळा मारतेय,” ताजुद्दीन पुटपुटला.

घरी आल्यावर हेमलताकाकू म्हणाल्या, “बाईमाणसाचा डावा डोळा लवला तर शुभ असतं गं.” गाडी बाईमाणूस आहे हे त्यांनी कधी ठरवलं कोणास ठाऊक.

दुसऱ्या वेळी ब्रेक पास, धूर पास, हॉर्न असा पास की तपासनीस दचकला. डावा डोळा मिटलेलाच. आता मात्र विद्याला ही गाडी आपल्या विषयात आल्यासारखी वाटली. त्या पापण्या विजेवर नाही, निर्वातावर चालतात. इंजिन हवा ओढून घेतं, बारीक रबरी नळ्यांमधून ती ओढ पापणीपर्यंत पोचते आणि पापणी उघडते. नळी कुठे चिरली असेल तर ओढ वाटेतच मरते. चीर शोधायची कशी? केसाएवढी असेल.

तिने हेमलताकाकूंचा उदबत्तीचा पुडा उघडला. इंजिन चालू ठेवून, एक उदबत्ती पेटवून, ती नळीच्या कडेने बोटबोट पुढे सरकत गेली. धूर सरळ वर जात होता. एका जागी तो अचानक वाकला आणि नळीत शिरला. सापडली. अशा पाच चिरा सापडल्या. नेमक्या त्याच वेळी काकू डबा घेऊन आल्या. गाडीपुढे वाकून, डोळे बारीक करून उदबत्ती ओवाळणारी विद्या पाहून त्यांनी डबा खाली ठेवला आणि हात जोडले. विद्याने खुलासा केला नाही. काही वेळा खुलासा करणं उद्धटपणाचं असतं.

नळ्या बदलल्या. दोन्ही पापण्या एकदम उघडल्या. ताजुद्दीनने वीस वेळा उघडझाप करून बघितली. गाडी आता पास होणार, यात शंका उरली नव्हती.

घेणारे गृहस्थ, अबू नासर, त्याच दुपारी गाडी बघायला आले. सत्तरीचे, हातात काठी, बरोबर खजुरांचा डबा, आणि इंग्रजी जुन्या अमेरिकन साहेबांकडून ऐकून शिकलेलं. वडील अमेरिकनांकडे ड्रायव्हर होते. अशीच एक गाडी अमेरिकनांच्या वस्तीत होती, पांढरी. तेव्हा दहा वर्षांचे असलेले अबू नासर तारेच्या कुंपणाला नाक लावून ती बघायचे. संध्याकाळी साहेब ती बाहेर काढायचा आणि पोरं कुंपणाच्या कडेने पळायची, कुंपण संपेपर्यंत.

“आत जायला मिळालं कधी?” विद्याने विचारलं.

“नाही.” त्यांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली आणि पुसली. “घाई नाही, सिस्टर. साठ वर्षं थांबलोय. तुमचं होऊ दे.”

तिसऱ्या तपासणीला विद्या एकटी निघाली. ट्रकची गरज नव्हती. सकाळ होती, रस्ता मोकळा, डावीकडे समुद्र शिशासारखा. आसनाला अजून उदयच्या पाठीचा खड्डा होता. तो उंच, त्यामुळे खड्डा तिच्या पाठीला लागायचा नाही. तिच्या डोक्यामागे यायचा. आणि इंजिन नीट गुणगुणत होतं.

तो असतानाच्या तीन वर्षांत ती या गाडीत एकदाही बसली नव्हती. उदय बोलवायचा. शेडमध्ये, दार उघडून धरून. “ये, नुसती बसून बघ.” ती म्हणायची, “चालू झाली की बसेन. बंद गाडीत बसायला मी काय लहान आहे?” त्यावर तो म्हणायचा, “बरं. नंतर बघू.” म्हणजे ते वाक्य नेहमी तोच बोलायचा हे खरं, पण त्याच्या आधीचं वाक्य तिचं असायचं. याची नोंद तिने आजवर कुठे केली नव्हती.

केंद्राच्या अलीकडे दोन किलोमीटरवर एक पेट्रोलपंप आहे. तिथे तिने गाडी थांबवली, इंजिनवरचं झाकण उघडलं, डाव्या पापणीची नवी रबरी नळी ओढून काढली, टोक व्यवस्थित बाजूला वळवून ठेवलं, हात पुसले आणि झाकण लावलं.

नापास. डावा दिवा.

“असं कसं?” शारीक फोनवर म्हणाला. “मॅडम, घराची मुदत तीस तारखेला संपतेय.”

“वाढवून मिळेल?”

“पंधरा जुलै. त्यापुढे माझ्या हातात नाही.”

चौथ्या वेळीही नापास. पुन्हा डावा दिवा. बाळकृष्णकाकांनी आता जाहीर केलं की अमेरिकन मालाचं असंच असतं. हेमलताकाकू जुबैलच्या त्या लोकांशी बोलायच्या बंद झाल्या. अबू नासरांनी दुसरा खजुरांचा डबा पाठवला. रेवाने कॉलेजचं पान उघडून लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि खोलीत गेली. पडद्यावर तारीख होती. आठ दिवस उरले होते. विद्याने लॅपटॉप मिटला. मग तिला आपलीच लाज वाटली आणि तिने तो पुन्हा उघडून होता तसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली तेव्हा ताजुद्दीन झाकण उघडून उभा होता. त्याने दोन कप चहा ओतला. एक तिला दिला, आणि दुसऱ्या हाताने नळीचं सुटं टोक उचलून धरलं.

“वहिनी, ही नळी आपसूक निघालेली नाय. काढलेली आहे. बघा, बाजूला कशी वळवून ठेवलेय, छान. उंदीर काढतो तेव्हा अशी घडी घालत नाय.”

विद्या चहाकडे बघत राहिली. वर्गात चोरी पकडली गेलेली मुलं आपल्याकडे का बघत नाहीत, हे तिला आज उमगलं.

“कितीदा?” त्याने विचारलं.

“दोनदा.”

“हं.” त्याने फुंकर मारून चहा प्यायला. “मी गावी बायकोला, हफीजाला, दरवर्षी फोनवर सांगतो, यंदा शेवटचं वर्ष, येतो. एकतीस वर्षं सांगतोय. कधी गॅरेजचं भाडं, कधी लायसन, कधी काय. माझी कुठली नळी सुटलेली असते, ते तिला बरोबर ठाऊक आहे. पूर्वी रडायची. आता हसते. हसते तेव्हा मला भीती वाटते.”

“पास झाली की जावं लागेल, ताजुद्दीनभाई.”

“हो.”

“मी यात कधी बसले नव्हते. तो असताना.”

“ठाऊक आहे. सांगायचे ते.”

“काय सांगायचा?”

ताजुद्दीनने फडक्याने नळीचं टोक पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं. “सांगायचे, विद्या बसेल त्या दिवशी गाडी तयार झाली असं समजायचं. मी म्हटलं, मग लवकर करू या. तर म्हणाले, घाईने केली आणि वाटेत बंद पडली तर ती परत बसायची नाय. नीट होऊ दे.”

बाहेर टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता.

“आता बसलात ना?” ताजुद्दीन म्हणाला. “चार वेळा बसलात. एकदाही वाटेत बंद पडली नाय.”

“पहिल्या वेळी रांगेत तीनदा पडली.”

“रांग म्हणजे वाट नव्हे, वहिनी.” त्याने वाकून नळी जागेवर दाबली, वरून एक लोखंडी पट्टी आवळली आणि स्क्रूड्रायव्हर तिच्याकडे दिला. “शेवटचा फेरा तुम्ही मारा. म्हणजे परत सुटायची नाय.”

तिने मारला. मग सवयीने अर्धा फेरा मागे घेतला, कारण रबर जास्त आवळलं तर चिरतं.

पाचव्या वेळी रेवा शेजारी बसली. पेट्रोलपंप आला. विद्याने वेग कमी केला, आणि रेवाने तिच्याकडे पाहिलं. पोरीला माहीत होतं का, हे विद्याने पुढे कधी विचारलं नाही. गाडी पंपावरून पुढे गेली.

तपासनीसाने कळ दाबली. दोन्ही पापण्या उघडल्या. त्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि काचेवर पासची चिकटपट्टी लावली; रांगेतल्या सगळ्यांनी हॉर्न वाजवले. विद्या गाडीतून उतरली, फाईल छातीशी धरून सावलीत गेली आणि तिथे जे रडली ते फेब्रुवारीपासून शिल्लक होतं. तपासनीस घाबरला. “पास, मॅडम, पास!” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. “मबरूक!” असं अभिनंदनही करत होता. रेवाने त्याला हिंदीत सांगितलं की मम्मी बहुत खुश है.

दोन दिवसांत नाव बदललं. शारीकने या वेळी चहा आधी नाही, नंतर मागवला.

अबू नासर गाडी न्यायला संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर आले, धुतलेला पांढरा झगा घालून. सगळी मंडळी कंपाऊंडच्या फाटकाशी जमली होती. हेमलताकाकूंनी चाकाखाली लिंबू ठेवलं होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून त्यावर पाय ठेवून उभ्या होत्या. त्यामुळे लिंबू चाकाऐवजी त्यांच्याच चपलेखाली फुटलं. बाळकृष्णकाका म्हणाले, “मी उदयला तेव्हाच—” आणि थांबले. चष्मा काढला. “चांगली गाडी आहे,” म्हणाले.

विद्याने किल्ली दिली. वहीही दिली, सगळ्या क्रमांकांसकट. साडेतीन खोकी भाग मात्र कोणी मागितले नाहीत आणि तिने देऊ केले नाहीत. त्यातला एक बोल्ट तिच्या पर्समध्ये होता. तो कशाचा, हे पुस्तकातही सापडलं नव्हतं.

अबू नासर आत बसले. काठी शेजारच्या आसनावर ठेवली. बराच वेळ त्यांनी गाडी सुरूच केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते बसले. मग इंजिन गुरगुरलं, दोन्ही पापण्या उघडल्या, आणि लाल गाडी फाटकाबाहेर पडून समुद्राच्या रस्त्याला लागली. कंपाऊंडच्या कुंपणाच्या कडेने वस्तीतली दोनचार पोरं पळत सुटली, कुंपण संपेपर्यंत.

वळणावर अबू नासरांनी जोर दिला. आवाज वाढला, आणि दूरवर, वळून आडवी होता होता, गाडीची डावी पापणी हळूच खाली आली.

“आई!” रेवा ओरडली. “डोळा मारला तिने! तू बघितलंस?”

ताजुद्दीनने विद्याकडे पाहिलं. जोर दिला की इंजिनची ओढ कमी होते, आणि नळीत केसाएवढी गळती असेल तर पापणी टिकत नाही. पट्टीचा फेरा अर्धा सैल होता, किंवा सहावी चीर राहून गेली होती. दोन्हींपैकी काय, ते उदबत्ती लावून पाच मिनिटांत कळलं असतं. विमान पहाटेचं होतं.

“गळती असेल कुठेतरी,” विद्या म्हणाली. गाडी दिसेनाशी झाली होती. आवाज अजून येत होता.

“मग?”

तिने ओढणीने चेहरा पुसला.

“नंतर बघू,” ती म्हणाली.